रेंज नसलेल्या डोंगरात एकट्यानं फिरताना मदत मागायची कशी?

प्रश्न थोडक्यात असा: नऊ दिवस एकट्यानं डोंगरात, जवळात जवळचा गाडीरस्ता दोन दिवसांच्या चालीवर, मोबाइलला रेंज नाही. अशा वेळी सॅटेलाइट फोन घ्यावा, पीएलबी (उपग्रहामार्फत संकटाची हाक देणारं छोटं यंत्र) घ्यावा, सॅटेलाइटवरून निरोप पाठवणारा मेसेंजर घ्यावा, की नव्या फोनमध्ये आलेल्या सॅटेलाइट एसओएसवर भागेल?

एकच वस्तू नेणार असाल तर निरोप पाठवता येईल आणि उत्तरही मिळेल असा सॅटेलाइट मेसेंजर न्या, आणि तो सॅकमध्ये न ठेवता अंगावर बाळगा. यातला दुसरा भाग पहिल्यापेक्षा महत्त्वाचा आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका ओढ्याच्या कडेनं उतरताना मी शेवाळावरून घसरले. दोनच मिनिटांपूर्वी पाणी प्यायला थांबले होते, त्यामुळे सॅक एकाच खांद्यावर होती. मी एका खडकाला अडकून थांबले, सॅक मात्र दोन टप्पे खाली जाऊन डोहाच्या काठाला पडली. उजवं मनगट मोडलं होतं. मदत मागायचं यंत्र सॅकच्या वरच्या कप्प्यात होतं. चार्ज केलेलं, नोंदणी झालेलं, सगळं अगदी व्यवस्थित. ती सॅक मला बसल्या जागेवरून दिसत होती. तिच्यापर्यंत पोचायला साडेतीन तास लागले. सोबत कोणी असतं तर पाच मिनिटांचं काम होतं.

गटात कोणीतरी धडधाकट उरतं. एकट्याच्या बाबतीत पडलेला माणूस आणि मदत मागणारा माणूस एकच असतो, आणि यंत्रांची तुलना करणारे तक्ते हे गृहीतच धरत नाहीत. म्हणून कुठलंही यंत्र घेतल्यावर घरी एक गोष्ट करून बघा. जाड हातमोजे घाला, डोळे मिटा, एक हात पाठीमागे धरा आणि दुसऱ्या हातानं यंत्र बाहेर काढून एसओएसच्या बटणावरचं झाकण उघडा. बटण अर्थातच दाबायचं नाही. मग हात बदलून पुन्हा तेच. बरेच जण यंत्र सॅकच्या खांदेपट्ट्याला लटकवतात. ते दिसतं छान, पण सॅक गेली की यंत्रही गेलं. नदी ओलांडताना आपण सॅकचा कंबरपट्टा मुद्दाम सोडतो, घसरलो तर सॅक टाकून देता यावी म्हणून. त्या क्षणी यंत्र कुठे असेल याचा विचार करा. चेन असलेला खिसा आणि यंत्राला बांधलेली दोरी, इतकं पुरतं. रात्री तेच यंत्र स्लीपिंग बॅगमध्ये घ्यायचं.

आता यंत्रांकडे वळू.

पीएलबी म्हणजे वैयक्तिक बीकन, संकटाचा संकेत सोडणारं यंत्र. याला एकच काम येतं आणि ते तो फार चोख करतो. अँटेना उघडून बटण दाबलं की ४०६ मेगाहर्ट्झवर साधारण दर ५० सेकंदांनी पाच वॅटचा छोटा संदेश जातो. तो कॉस्पास-सारसॅट या आंतरराष्ट्रीय यंत्रणेचे उपग्रह टिपतात. कॅनडा, फ्रान्स, अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांनी शीतयुद्धाच्या काळात, १९७९ मध्ये, एकत्र येऊन ही यंत्रणा उभी करायचं ठरवलं आणि १९८२ मध्ये तिच्यामुळे पहिले जीव वाचले. एकमेकांवर क्षेपणास्त्रं रोखलेले देश हरवलेल्या माणसांसाठी एक उपग्रहसेवा चालवत होते, याचं मला अजूनही नवल वाटतं. संदेश उपग्रहाकडून भूस्थानकाला, तिथून नियंत्रण केंद्राला आणि मग तुम्ही आहात त्या भागाच्या बचाव समन्वय केंद्राला जातो. याला मासिक वर्गणी नाही. बॅटरी न वापरता पाच ते सात वर्षं टिकते आणि बटण दाबल्यावर उणे २० अंशांतही किमान २४ तास चालावी, असं मानक आहे. शिवाय १२१.५ मेगाहर्ट्झवर एक क्षीण संकेत चालू राहतो. शोधपथक जवळ आलं की त्याच्या रोखानं थेट तुमच्यापर्यंत पोचतं. दाट झाडीत किंवा धुक्यात, जिथे शंभर मीटरवरचा माणूस दिसत नाही, तिथे या संकेताची किंमत कळते.

त्याची उणीवही तितकीच सरळ आहे: तो बोलत नाही. पाय मोडलाय, साप चावलाय की पुरानं वाट अडवलीय, काहीच सांगता येत नाही. बहुतेक पीएलबींवर तुमची हाक पोचली की नाही हेही कळत नाही. युरोपच्या गॅलिलिओ उपग्रहांची परतीच्या पोचपावतीची सेवा २०२० पासून सुरू आहे आणि ती सोय असलेल्या बीकनवर हाक मिळाल्याची खूण दिसते. नवा घेणार असाल तर हे बघून घ्या. रात्रभर कुडकुडत बसलेल्या माणसाला तेवढी खूणसुद्धा मोठा आधार देते.

आणखी एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. तुमची हाक पोचली की समन्वय केंद्र बहुधा आधी फोन उचलतं. नोंदणीत तुम्ही ज्यांचे नंबर दिलेत त्यांना विचारतात: हा माणूस खरंच डोंगरात आहे का, एकटा आहे का, कुठल्या वाटेनं गेलाय? कारण चुकून दाबल्या गेलेल्या बीकनांचं प्रमाण मोठं असतं. नोंदणीच केली नसेल किंवा तिथे तुमचा स्वतःचाच मोबाइल नंबर असेल, तर हा फोन कुणालाच लागत नाही. सेकंडहँड बीकन घेतलात आणि नोंदणी बदलली नाही, तर हा फोन आधीच्या मालकाच्या घरी वाजेल. मी एकदा एका बचावपथकासोबत असताना आम्ही ज्याच्या शोधात निघणार होतो तो मनुष्य घरी जेवत होता. बीकन त्यानं दोन वर्षांपूर्वी विकला होता.

सॅटेलाइट मेसेंजर म्हणजे गार्मिनचा इनरीच, झोलिओ, स्पॉट या जातीची यंत्रं. पहिली दोन इरिडियमच्या उपग्रहांवर चालतात. हे ६६ उपग्रह साधारण ७८० किलोमीटर उंचीवरून ध्रुवांवरून फिरतात आणि निरोप एकमेकांकडे सोपवतात, त्यामुळे पृथ्वीच्या पाठीवर कुठेही चालतात. स्पॉट ग्लोबलस्टारवर चालतो. त्याचा उपग्रह आरशासारखा, वर आलेला संकेत तसाच खाली टाकणारा. त्यामुळे त्याच वेळी उपग्रहाच्या नजरेत भूस्थानकही असावं लागतं आणि भूस्थानकांपासून लांबच्या प्रदेशात सेवा पातळ होते. जाणार तिथला व्याप्तीचा नकाशा उघडून बघा. खोक्यावरच्या ‘जगभर’ या शब्दावर जाऊ नका.

मी मेसेंजर सुचवते तो दुतर्फी संवादासाठी. ‘डावा घोटा मोडला, शुद्धीत आहे, निवारा आहे, पाणी दोन दिवसांचं’ एवढा निरोप गेला की बचावाची आखणीच बदलते. हेलिकॉप्टर रात्री धोका पत्करून काढायचं की सकाळी चालत पथक पाठवायचं, सोबत डॉक्टर हवा की दोर हवेत, हे त्या एका ओळीवर ठरतं. दुसरं म्हणजे यातून एसओएस नसलेल्या गोष्टीही सांगता येतात: ‘नदीला पाणी आहे, एक दिवस उशीर होईल, काळजी नको.’ माझ्या अनुभवात मेसेंजरनं टाळलेले शोध त्यानं घडवलेल्या सुटकांपेक्षा जास्त आहेत. उणिवा म्हणजे वर्गणी चालू असावी लागते आणि बॅटरी तुम्हालाच सांभाळावी लागते. शिवाय एसओएस सरकारी यंत्रणेकडे थेट न जाता आधी खासगी प्रतिसाद केंद्राकडे जातो आणि ते स्थानिक बचाव यंत्रणेला कळवतात. ही साखळी चांगली चालते, पण पुढच्या टोकाला त्या प्रदेशात बचाव यंत्रणा असावी लागते. जिथे ती नाही, तिथे कुठलंच यंत्र ती निर्माण करत नाही.

सॅटेलाइट फोनचं आकर्षण मला समजतं. माणसाचा आवाज ऐकू येतो आणि डॉक्टरशी बोलता येतं. लांबच्या मोहिमेत, गटात, मी तो आनंदानं नेते. पण एकट्यासाठी तो पहिली निवड नाही. बोलण्यासाठी कॉल तुटता कामा नये, म्हणजे आकाश सलग मोकळं हवं. मेसेंजर मात्र ढगांच्या फटीतून निसटावं तसा दोन मिनिटांच्या मोकळ्या आकाशातही निरोप सोडून देतो. फोनवर तुमचं ठिकाण समोरच्याला आपोआप दिसेलच असं नाही. ते वाचून सांगावं लागतं, आणि डोक्याला मार बसलेला माणूस आकडे वाचताना चुकतो.

शिवाय इन्मारसॅट आणि थुराया या सॅटेलाइट फोनसेवांचे उपग्रह भूस्थिर आहेत, विषुववृत्तावर जवळपास ३६ हजार किलोमीटरवर एकाच जागी टांगल्यासारखे. उत्तर गोलार्धात ते दक्षिणेकडे दिसतात आणि जितकं उत्तरेला जाल तितके खाली झुकतात. डोंगराच्या उत्तर उतारावर, खोल दरीत असाल तर मधे अख्खी धार येते. इरिडियमचा उपग्रह थोड्या वेळानं डोक्यावरून जाईल अशी आशा तरी असते. भूस्थिर उपग्रह धारेच्या आड असला तर तो आडच राहणार. २०२४ च्या एप्रिलमध्ये थुराया-३ हा उपग्रह बिघडला आणि आशिया-पॅसिफिकमधल्या त्याच्या ग्राहकांचे फोन मुके झाले. एका उपग्रहावर सगळा भार असला की हे होतं.

आता फोनमधल्या सॅटेलाइट एसओएसबद्दल. आयफोन १४ वर ही सोय २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये आधी अमेरिका आणि कॅनडात सुरू झाली आणि नंतर आणखी देशांत गेली. गुगलच्या पिक्सेल ९ मध्ये २०२४ साली आली. सोय खरी आहे, तिनं जीव वाचलेत. फोन तुम्हाला ठरावीक प्रश्न विचारतो, उत्तरं आकसून लहान करतो आणि आकाशात कुठे रोखायचं ते पडद्यावर दाखवतो. पण ती ठरावीक देशांतच चालते, आणि फोन हीच वस्तू नकाशाला, कॅमेऱ्याला, घड्याळालाही वापरली जाते. पडल्यावर सगळ्यात आधी काच त्याचीच फुटते. थंडीत त्याची लिथियम-आयन बॅटरी तीस टक्के दाखवत असतानाही बंद पडू शकते. ओल्या बोटांनी पडद्यावर उत्तरं निवडणं हाही एक प्रकारच आहे. त्यामुळे दुसरं साधन म्हणून तो उत्तम. पहिलं म्हणून मी त्याला एका दिवसाच्या वाटेपलीकडे नेणार नाही.

साध्या मोबाइलला मात्र अगदी मोडीत काढू नका. तुमच्या कंपनीची रेंज नसली तरी आणीबाणीचा कॉल फोन मिळेल त्या कंपनीच्या जाळ्यातून लावतो, म्हणून ‘नो सर्व्हिस’ बघून हार न मानता ११२ किंवा त्या देशाचा आणीबाणीचा नंबर लावून बघा. कॉल टिकत नसेल तर एसएमएस टाका. त्याला क्षणभराची रेंज पुरते. दरीत काही न मिळणाऱ्या फोनला धारेवर पन्नास पावलं चढल्यावर रेंज येते. रेडिओलहरींना सरळ नजर लागते, बाकी काही नाही. म्हणून मी वाट आखतानाच कुठल्या खिंडीतून, कुठल्या माथ्यावरून खालची वस्ती दिसते त्या जागा नकाशावर खुणावते. मधल्या वेळेत फोन फ्लाइट मोडवर असतो, नाहीतर रेंज शोधण्यातच त्याची बॅटरी संपते.

वॉकीटॉकी एकट्यासाठी जवळपास निरुपयोगी, कारण पलीकडे ऐकायला कोणी नाही. हॅम म्हणजे हौशी रेडिओचा परवाना असेल आणि त्या भागात संकेत पुढे पाठवणारा चालू रिपीटर असेल तर पाच वॅटचा हातातला संच धारेवरून बराच लांब पोचतो. पण तो छंद असलेल्यांचा मार्ग आहे. केवळ ट्रेकसाठी तिकडे वळू नका. (ऑस्ट्रेलियाच्या ओसाड भागात १९२० च्या दशकाच्या अखेरीस पायडल मारून वीज तयार करणारे बिनतारी संच येऊ लागले आणि विमानानं येणाऱ्या ‘उडत्या डॉक्टरांना’ बोलावणं शक्य झालं. तुटक्या पायानं ते पायडल कोण मारत असेल, हा प्रश्न मला नेहमी पडतो.)

यंत्र विकत घ्यायच्या आधी कायदा बघा. हे पुस्तकी वाटतं, पण यानं माणसं कोठडीत गेली आहेत. अनेक देशांत सॅटेलाइट संपर्काच्या साधनांवर निर्बंध आहेत आणि भारत त्यांपैकी एक आहे. इथे परवान्याशिवाय थुराया किंवा इरिडियमचा फोन जवळ बाळगणंही गुन्हा ठरतो, आणि इनरीचसारखा मेसेंजर सामानात सापडल्यामुळे परदेशी प्रवाशांना विमानतळांवर अडवल्याच्या घटना घडल्या आहेत. ‘हा फोन नाही, नुसता निरोप्या आहे’ हा युक्तिवाद चालत नाही. जिथे जाणार तिथले आणि वाटेत विमान बदलणार असाल तर तिथलेही नियम लेखी तपासा. परवानगी मिळत नसेल तर यंत्र लपवून नेण्यापेक्षा बेत बदला: वस्तीपासून कमी दूर जाणारी वाट, रोज एखाद्या चौकीवर किंवा पाड्यावर नोंद, किंवा सरळ सोबत एक माणूस.

यंत्रं इथे संपली. आता ज्यासाठी पैसे पडत नाहीत आणि म्हणूनच बहुधा कोणी करत नाही ते: घरी थांबणारा माणूस.

२००३ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत, युटातल्या ब्लू जॉन कॅन्यन या अरुंद घळीत एकट्यानं फिरणाऱ्या आरन राल्स्टन या गिर्यारोहकाचा उजवा हात निखळलेल्या शिळेखाली अडकला. पाच दिवसांहून जास्त काळ अडकून राहिल्यावर त्यानं स्वतःचा हात कापून सुटका करून घेतली. आपण कुठे जातोय हे त्यानं कोणालाच सांगितलं नव्हतं. लोक म्हणतात, आज त्याच्याकडे सॅटेलाइट यंत्र असतं तर! मला तेवढी खात्री नाही. त्या अरुंद घळीतून आकाशाची एक पट्टी दिसते. उपग्रह त्या पट्टीतून जाईल तेवढीच सेकंदं यंत्राच्या वाट्याला येतात. तिथे घरच्या टेबलावर ठेवलेला एक कागद जास्त कामाला आला असता.

माझ्या कागदावर असतं ते असं: वाट आणि पर्यायी वाट, रोजचा मुक्काम, गाडी कुठे लावलीय, तंबूचा आणि जॅकेटचा रंग, औषधं आणि आजार, यंत्राचा क्रमांक, त्या भागातल्या बचाव यंत्रणेचा नंबर. आणि एक ठराव: ‘अमुक तारखेला संध्याकाळी सहापर्यंत पोचेन. दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत काही कळलं नाही तर हा नंबर फिरव. त्याआधी नाही, त्यानंतर थांबू नकोस.’ शेवटची दोन वाक्यं माझ्या हाताखाली तयार झालेल्या प्रत्येकाला मी पाठ करायला लावते. मेसेंजर वापरणाऱ्यांनी तर हे लिहूनच ठेवावं, कारण रोज रात्री निरोप पाठवायची सवय लावली आणि एके दिवशी यंत्राची बॅटरी संपली, की घरचे रात्री दोन वाजता शोधपथक हलवतात. एखादा निरोप चुकणं म्हणजे संकट नव्हे, हे आधी ठरलेलं असावं. हा कागद हळव्या माणसाकडे देऊ नका, आळशी माणसाकडे तर नकोच. माझा कागद माझ्या बहिणीकडे असतो. ती शाळेत परीक्षाविभाग सांभाळते आणि बारा म्हणजे तिच्या लेखी बारा.

ठिकाण कळवताना एक घोळ वारंवार होतो. अक्षांश ३०.४५ अंश आणि ३० अंश ४५ मिनिटं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलं म्हणजे ३० अंश २७ मिनिटं. फरक १८ मिनिटांचा, आणि अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे सुमारे १.८५ किलोमीटर, म्हणजे पथक तेहेतीस किलोमीटर लांब उतरेल. फोनवर सांगताना ‘दशांश अंश’ की ‘अंश-मिनिटं’ हे उच्चारून सांगा आणि आकडे पलीकडून परत म्हणून घ्या.

बटण कधी दाबायचं? जीव, हातपाय किंवा दृष्टी धोक्यात असेल आणि स्वतःच्या बळावर बाहेर पडता येणार नसेल तेव्हा. दमलोय, वाट चुकलीय पण धडधाकट आहे, अन्न कमी पडतंय, यासाठी आधी मेसेंजरवर साधा निरोप. पण याची उलट चूकही मी पाहिलीय आणि ती जास्त जीव घेते. एकटा फिरणारा माणूस स्वाभिमानी असतो. ‘थोडं बघू, जमेल’ म्हणत तो दिवसाचा उजेड घालवतो आणि बटण रात्री, थंडीनं बोटं बधिर झाल्यावर दाबतो. हाडं मोडल्याची शंका असेल तर सूर्य वर असतानाच दाबा. चुकून दाबलं गेलं तर मात्र यंत्र घाबरून नुसतं बंद करू नका. रद्द केल्याचा निरोप पाठवा किंवा शक्य होताच केंद्राला कळवा, नाहीतर ते तुम्हाला शोधत राहतील.

दाबल्यावर यंत्र मोकळ्या आकाशाखाली ठेवा, अँटेना सरळ वर. अंगाखाली किंवा कातळाच्या कपारीत नको, आणि ‘बॅटरी वाचवू’ म्हणून बंदही करायचं नाही. जागा सोडू नका. सोडावीच लागली तर मेसेंजरवर कळवून सोडा. मदतीला चांगल्या हवामानातही काही तास लागतात. वाईट हवामानात दोन दिवस. म्हणून उबेची चादर आणि एक जादा कोरडा कपडा हेही मी संपर्काच्या साधनांतच मोजते.

शेवटचे शंभर मीटर यंत्र कुणाला दिसत नसतं, तुम्ही दिसावे लागता. शिट्टी गळ्यात असू द्या. ओरडून घसा अर्ध्या तासात बसतो, शिट्टी श्वास आहे तोवर वाजते. आल्प्समधली जुनी रीत मिनिटाला सहा संकेत, मग मिनिटभर शांतता, पुन्हा सहा. उत्तर मिनिटाला तीन. उत्तर अमेरिकेत तीनचाच संकेत संकटाचा मानतात. रात्री हेच हेडटॉर्चनं करता येतं. उन्हात छोटा आरसा अनेक किलोमीटरवरच्या विमानाला खुणावतो. जमिनीवर दगडांनी किंवा कपड्यांनी मोठा इंग्रजी व्ही काढला तर मदत हवी, एक्स काढला तर वैद्यकीय मदत हवी. हेलिकॉप्टर दिसलं की दोन्ही हात वर, वाय सारखे. उत्साहानं एक हात हलवू नका. एक हात वर आणि एक खाली याचा अर्थ ‘मदत नको’ असा होतो.

निघण्यापूर्वी प्रत्यक्ष निरोप पाठवून बघा, तोही गच्चीवरून नव्हे तर झाडाखालून, म्हणजे किती वेळ लागतो ते कळेल. पीएलबीची स्वयंचाचणी मात्र सारखी करू नका. प्रत्येक चाचणी त्या न बदलता येणाऱ्या बॅटरीतून थोडं खाते.

आणि गाडीपाशी पोचलात की बूट काढायच्या आधी ‘पोचले’ किंवा ‘पोचलो’ कळवा. एकदा मी परत आले, आंघोळ करून झोपले आणि विसरले. दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजून दोन मिनिटांनी माझाच फोन वाजला. पलीकडून एक अनोळखी, शांत आवाज विचारत होता, तुमच्या तंबूचा रंग नारंगीच ना?